आधी वापर, मग फीत

सकीना मुकादम, म्हणजे आपल्या सर्वांच्या आपा, यांची आणि माझी पहिली ओळख एका खोट्या बातमीमुळे झाली. बातमी माझी होती.

या गोष्टीला दहा-बारा वर्षे झाली असतील. मी तेव्हाही एका मराठी दैनिकाचा भिवंडीचा वार्ताहर होतो आणि आजही आहे. आमच्या व्यवसायात माणूस चढत नाही, फक्त मुरतो. शहरातल्या एका मंडळाने बाजारात पाणपोई बांधली होती. उद्घाटनासाठी आफ्रिकेहून सुटीवर आलेल्या एक बाई येणार होत्या. त्या तिकडे एका शहराच्या महापौर आहेत आणि मूळच्या आपल्या भिवंडीच्या आहेत, एवढीच माहिती मला होती आणि बातमीला तेवढी पुरत होती. त्या दिवशी मला आणखी एका ठिकाणी जायचे होते. म्हणून मी सकाळीच घरी बसून बातमी लिहिली आणि पाठवूनही दिली. महापौरांच्या शुभहस्ते पाणपोईचे उद्घाटन उत्साहात संपन्न झाले, अनेक मान्यवर उपस्थित होते, आभारप्रदर्शनाने कार्यक्रमाची सांगता झाली. संस्कृत घेऊन एम. ए. झाल्यामुळे अनुमान या प्रमाणावर माझा जरा जास्तच भरवसा आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी असतो, आणि बाजारात मंडप दिसला की तिथे उद्घाटन झालेलेच असते.

दुपारी केवळ तोंड दाखवायला मी तिकडे गेलो. फीत बांधलेली होती, तबकात कात्री होती. डोक्यावर ओढणी घेतलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक ठेंगण्या बाई पुढे आल्या. त्यांनी कात्री उचलली आणि तबकात परत ठेवली. फितीखालून वाकून त्या आत गेल्या, साखळीने बांधलेला पेला घेतला आणि नळ सोडला. नळाने नुसता सुस्कारा टाकला.

"पाणी?" त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना विचारले.

"लाइन जोडायची तेवढी बाकी आहे, आपा. दोन-चार दिवसांत होईल."

"मग दोन-चार दिवसांनी बोलवा."

पेला पालथा घालून त्या निघून गेल्या. अध्यक्षांनी भाषण पाठ केलेले होते, त्यामुळे त्यांनी आभार मात्र मानले. माझ्या बातमीतले तेवढे एक वाक्य खरे ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "सकीना मुकादम बोलते. तुमची बातमी वाचली. छान लिहिलंय. पाणी आलं का?"

नाही, म्हटले.

"मग जाऊन बघा. आलं की सांगा. नाही आलं तरी सांगा."

"बाई, मी वार्ताहर आहे, नळवाला नाही."

"म्हणूनच सांगते. नळवाला जाईल जोडायला. बघायला कोण जाणार?"

या प्रश्नाला न्यायशास्त्रातही उत्तर नाही. मी अकरा दिवस त्या नळापर्यंत जाऊन आलो आणि अकरा दिवस फोनवर "नाही" म्हणालो. बाराव्या दिवशी पाणी आले. आपा रिक्षाने एकट्याच आल्या, दोन पेले पाणी प्यायल्या, पेला विसळून जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, "आता आणा ती कात्री." कात्री मंडपवाल्याबरोबर केव्हाच परत गेली होती. त्या पाणपोईचे रीतसर उद्घाटन आजतागायत झालेले नाही आणि तिचे पाणी आजतागायत आटलेले नाही. त्याच दिवशी त्यांनी मला माझे शिक्षण विचारले. मी सांगितले. तेव्हापासून मी त्यांचा "पंडित" झालो. त्यांच्या तोंडी ही पदवी आहे की शिक्षा, हे मला अजून कळलेले नाही.

आपा येत्या महिन्यात वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करत आहेत आणि त्या निमित्ताने हा गौरवग्रंथ निघत आहे. वाचकांना सुरुवातीलाच एक कबुली दिली पाहिजे. या ग्रंथाची छपाई खुद्द आपांनी महिनाभर रोखून धरली होती. कारण होते अंबाडी नाक्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाला लागलेले एक कुलूप. ते कुलूप आपल्या गौरव समितीने लावले होते, आणि समितीचा सचिव या नात्याने ते दुकानातून निवडून मी आणले होते. हा अपराध केवढा मोठा होता, हे समजायचे तर आधी आपांचे कार्य समजून घ्यावे लागेल.

आपा भिवंडीतल्या कोकणी मुसलमान घरातल्या. वडिलांचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. घर आणि कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत. लहानपणी आपल्याला झोपेतून कशाने जाग यायची, हे त्या सांगतात: "आवाजानं नाही. लूम बंद पडला की जाग यायची." विसाव्या वर्षी त्यांचा निकाह झाला. सासरची मंडळी दोन पिढ्यांपासून आफ्रिकेच्या दक्षिण भागात स्थायिक झालेली होती. रेल्वेचे मोठे जंक्शन असलेल्या एका शहरात यजमानांचे शिवणकामाचे दुकान होते. त्या शहराचे आणि देशाचे नाव मी इथे लिहिलेले नाही. आपांची तशी सक्त ताकीद आहे. "तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय त्यांच्या गटारांच्या गोष्टी भिवंडीत छापायच्या नाहीत," असे त्या म्हणाल्या. ज्या गावाने आपल्याला निवडून दिले त्याची अब्रू पद सुटल्यावरही सांभाळणारे लोकप्रतिनिधी मी व्यवसायानिमित्त फार पाहिलेले नाहीत, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

त्या शहराची भाषा आपा दुकानात शिकल्या, तीही माप घेता घेता. "हात वर करा" आणि "श्वास सोडा" ही त्यांची त्या भाषेतली पहिली दोन वाक्ये. पुढे महापौर झाल्यावर अधिकाऱ्यांशी बोलायलाही हीच दोन वाक्ये बहुधा पुरत असावीत. शिवणकामाबद्दल त्यांचे एक मत आहे, आणि त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचे सूत्र मला त्यातच दिसते. त्या म्हणतात, "माप देताना माणूस खोटं बोलतो, पंडित. पोट आत घेतो. म्हणून ट्रायल. कच्ची शिलाई घालायची, कपडा अंगावर चढवायचा, बसायला लावायचं, वाकायला लावायचं. मग पक्की शिलाई."

आमच्या शास्त्रात प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण मानतात आणि अनुमान त्याच्यानंतर येते. आपांनी ते शास्त्र वाचलेले नाही. त्यांनी ते नगरपालिकेला लावले.

राजकारणात त्या आल्या गटारामुळे. दुकानामागचे गटार उघडे होते आणि कागदावर ते झाकलेले होते. तक्रार घेऊन गेल्यावर संबंधित अधिकाऱ्याने त्यांना कागद दाखवला. आपांनी तो नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, "चला, दाखवते." तो अधिकारी पॉलिश केलेल्या बुटांनी त्यांच्यामागून आला आणि त्याच बुटांनी परत गेला, पण पॉलिशशिवाय. आठवड्यात गटार झाकले गेले. पुढच्या निवडणुकीत शेजाऱ्यांनी आपांना उभे केले. दहा वर्षे त्या नगरसेविका होत्या आणि मग सहकाऱ्यांनी त्यांना महापौर निवडले. बाहेरून आलेली बाई, त्यात शिंपीण, हे सगळ्यांना रुचले नव्हते. भर सभागृहात एकाने त्यांना विचारले, "बाई, तुम्ही नक्की कुठल्या?" आपा म्हणाल्या, "ज्या गाडीत माझा कचरा जातो, त्या गावची. आणि ती गाडी मंगळवारपासून आलेली नाही."

त्यांच्या काळात नगरसचिव असलेल्या आणि आता निवृत्त झालेल्या गृहस्थांनी या ग्रंथासाठी एक लांब पत्र पाठवले आहे. त्यातल्या काही गोष्टी आपांनी आम्हाला कधीच सांगितल्या नव्हत्या. तिकडे महापौराच्या गळ्यात पदाची जड साखळी घालतात. ती सारखी खांद्यावरून घसरायची आणि माणूस अर्धा वेळ साखळी सावरण्यात घालवायचा. आपांनी पहिल्याच आठवड्यात महापौरांचा झगा घरी नेला आणि खांद्यावर आतून दोन हूक शिवून आणले. नंतरचे सगळे महापौर तोच झगा वापरतात. हूक कोणी लावले, हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊकही नाही, असे सचिवांनी लिहिले आहे.

महापौर म्हणून आपांची पहिली फीत होती बसस्थानकावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाची. बँड होता, उन्हात पाहुणे उभे होते. आपा फितीखालून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा म्हणाल्या, "कडी बाहेरून आहे. आत बसलेल्या बाईनं काय करायचं? गाणं म्हणायचं?" फीत गुंडाळली गेली, बँड परत गेला. गाव आठवडाभर हसले. दुसऱ्या आठवड्यात हसू थांबले, कारण दुसऱ्याही कामाची फीत तशीच परत गेली. हळूहळू तिथल्या अभियंत्यांनी धसका घेतला. महापौरांना बोलावण्याआधी ते आपापल्या आयांना नव्या कामावर नेऊन ते वापरून बघायला सांगू लागले. त्या काळात शहरातल्या अभियंत्यांच्या आयांना फार मान मिळाला, असे सचिवांनी लिहिले आहे. नव्या बसमार्गाच्या वेळी आपा शेवटच्या थांब्यापर्यंत बसून गेल्या. तिथून परतीची बसच ठेवलेली नव्हती, हे पोचल्यावर कळले. सोबतच्या अधिकाऱ्यांसह त्या चालत परतल्या. दुसऱ्या दिवशी वेळापत्रक बदलले.

इथपर्यंत सगळे गमतीचे आहे. पुढचे तसे नाही.

झोपड्यांतल्या कुटुंबांसाठी शहराच्या कडेला घरांच्या चार ओळी बांधून झाल्या होत्या. निवडणूक तोंडावर होती आणि पक्षाला किल्ल्यांचे वाटप लवकर हवे होते. आपांनी एका घराची किल्ली मागून घेतली आणि चादर, स्टोव्ह, दोन भांडी घेऊन त्या तिथे आठ दिवस राहिल्या. तिसऱ्या दिवशी मोरीचे पाणी उलटे फिरून स्वयंपाकघरात आले. पहिली ओळ उंचावर होती, ती ठीक होती; खालच्या तिन्ही ओळींची नाली चुकली होती. आपांनी वाटप थांबवले. पक्षाचे वडीलधारे म्हणाले, "नाली निवडणुकीनंतर करू." आपा म्हणाल्या, "मग लोकांनाही निवडणुकीनंतरच राहायला नेऊ."

ज्यांना घरे मिळायची होती तीच माणसे चिडली. एक बाई लेकराला कडेवर घेऊन महापौरांच्या दालनात आली आणि तुला नालीची पडली आहे, माझ्या डोक्यावर पत्रासुद्धा नाही, असे तिने सुनावले. आपांनी तिला नेऊन ते स्वयंपाकघर दाखवले. तिने घाण पाणी पाहिले आणि म्हणाली, "तरीही माझ्या घरापेक्षा बरं आहे."

आपांनी ही हकीकत मला एकदाच सांगितली. मी विचारले, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? तिचं बरोबर होतं." मग म्हणाल्या, "माझंही बरोबर होतं. दोघींचं बरोबर असलं की फार त्रास होतो, पंडित."

पहिल्या ओळीत त्यांनी फीत, भाषण काही न करता कुटुंबे राहायला नेली. बाकीच्या तीन ओळींची नाली उखडून नव्याने घातली, त्याला पाच महिने लागले. दरम्यान पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली. महापौरपद गेले आणि घरांची फीत दुसऱ्याने कापली. आपा त्या समारंभाला गेल्या, शेवटच्या रांगेत बसल्या आणि गर्दी ओसरल्यावर खालच्या ओळीतल्या एका मोरीत बादलीभर पाणी ओतून बघून आल्या. त्या बाईंना तिसऱ्या ओळीत घर मिळाले. पडदे शिवून घ्यायला त्या आपांच्याच दुकानात आल्या. त्या दिवशी आपांनी त्यांच्याकडून तक्रार ऐकली ती एकच, पडदे दोन बोटे आखूड झाल्याची.

पद गेल्याचे वाईट वाटले का, असे मी विचारले होते. आपा म्हणाल्या, "फीत कापायला दुसरा माणूस होता. नाली करायला दुसरा नव्हता. मग वाईट कशाचं?"

यजमान गेल्यावर आपा भिवंडीला भावाच्या घरी राहायला आल्या. सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या. त्यांच्या वैयक्तिक स्नेहाविषयी लिहायचे तर अनेकांकडे सांगण्यासारखे आहे. मी माझ्यापुरते सांगतो. माझी आई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली होती. आपा भेटायला आल्या आणि पाच मिनिटे बसल्या. तिसऱ्या दिवशी दोन गाउन घेऊन आल्या. समोर बांधायचे बंद, काखेत मोकळे, पाठीला शिवण नाही. माणसाला न उठवता बदलता यावेत असे. आधी एक आईला घालून पाहिला, बाहीशी दोन ठिकाणी टाचण्या लावल्या आणि परत नेला. "आता दुखत नाही ना, आई?" हे त्यांनी दुसऱ्या खेपेला विचारले. आमची आई जुन्या वळणाची, सोवळ्याओवळ्यात मुरलेली. तिने शिवण चाचपून पाहिली आणि म्हणाली, "पाठीला टोचत नाही कुठे. हात चांगला आहे हो तुमचा." आमच्या घरात इतके मोठे प्रशस्तिपत्र माझ्या एम. ए.लाही मिळालेले नव्हते.

आता कुलपाकडे येतो.

आपांचे गुडघे दुखतात. त्यासाठी त्या महिन्यातून एक-दोनदा बसने वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर जातात. परतताना अंबाडीला उतरून हिराबाईंकडून भाजी घेतात. हिराबाई दिघाशी गावच्या, सकाळी पाटी घेऊन नाक्यावर येतात, संध्याकाळी परततात. एकदा उन्हात आपांनी त्यांच्यापुढे आपली पाण्याची बाटली धरली.

"नको आपा," हिराबाई म्हणाल्या. "हितं पानी न्हाय पियाचा."

"का? उपास?"

"उपास कसला. पानी पिला की जावा लागतं. जावाचा कुठं? बाप्यांना आख्खा रस्ता हाय. आमी घरी गेल्याव पितो."

नाक्यावर बसणाऱ्या आठ-दहा बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोटभर पाणीही पीत नव्हत्या. हिराबाईंना मुतखड्याने दोनदा दवाखाना दाखवला होता. आपा त्या दिवशी भाजी घेऊन लगेच निघाल्या नाहीत. दोन तास तिथेच पाटीशेजारी बसल्या.

त्यानंतर आठवड्याभरात आम्ही गौरव समितीची मंडळी त्यांच्याकडे गेलो, हा योगायोग. समितीचे अध्यक्ष गुरुजी, म्हणजे अंबाडी परिसरातल्या दोन पिढ्यांना शिकवलेले निवृत्त मुख्याध्यापक. गुरुजींनी सत्काराची सगळी योजना वाचून दाखवली: सभागृह, शाल, गौरवग्रंथ आणि क्रेनने उचलून घालायचा एक प्रचंड हार. असा हार त्यांनी कुठल्याशा मिरवणुकीत पाहिला होता आणि तो त्यांच्या मनातून जात नव्हता.

"क्रेन आणताय?" आपा म्हणाल्या. "मग तिच्याकडून एक संडास उचलून घ्या आणि अंबाडी नाक्यावर ठेवा. बायकांसाठी."

गुरुजींचा जीव त्या हारात अडकला होता, पण माणूस मनाचा मोठा. हार रद्द झाला. ग्रामपंचायतीची परवानगी काढली, गुरुजी स्वतः रोज उन्हात उभे राहिले आणि स्वच्छतागृह उभे राहिले. खरे सांगायचे तर काम उत्तम झाले. पांढऱ्या टाइल्स, वर टाकी, आत नळ. कडी तर मी स्वतः आतून लावून पाहिली. तेवढे आपांकडून शिकलो होतो. आणि मग आम्ही तेच केले जे आपण सगळे नेहमी करतो. प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेना, म्हणून त्याला कुलूप लावले.

सहा आठवडे ते कुलूप होते. या सहा आठवड्यांत समितीच्या तीन बैठका झाल्या आणि एकाही बैठकीत कोणाला त्यात काही वावगे दिसले नाही. मलाही नाही. मी या ग्रंथासाठी आपांच्या कार्यावर लेख लिहिण्यात गुंतलो होतो.

मग एका सकाळी फोन आला. "पंडित, अंबाडीला या. मी हिराबाईजवळ बसले आहे. घाई नाही. कुलूप निघेपर्यंत मी इथेच आहे."

मी पोचलो तेव्हा ऊन चढले होते. आपा गोणपाटावर बसून गवारीच्या जुड्या बांधत होत्या. बाटली शेजारी होती, भरलेली.

"पाणी घेतलंत का, आपा?"

"नाही. जायचं कुठं?"

हिराबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी सांगून दमले. म्हातारी आयकत न्हाय. तुमी तरी सांगा. चक्कर येल तिला."

"चावी?" आपांनी विचारले.

चावी गुरुजींकडे होती आणि गुरुजी सकाळपासून वाडा गावी गेलेले होते. मी फोन लावला. ते म्हणाले, "अहो, पुढच्या महिन्याची तारीख जवळजवळ नक्की आहे. आत्ता उघडलं तर पाहुण्यांना काय दाखवणार?" आपा नाक्यावर पाण्याविना बसल्या आहेत, हे मी सांगितले. गुरुजी म्हणाले, "निघतो."

ते येईपर्यंत दोन तास गेले. आपांचे ओठ सुकले होते, पण गिऱ्हाइकांशी भावाची घासाघीस चालूच होती, आणि हिराबाईंपेक्षा कडक. मी एकदा म्हटले, "कुलूप तोडू या का?" त्या म्हणाल्या, "तोडलं तर कुलूप तुटेल. सवय तशीच राहील. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं."

गुरुजी बसमधून उतरले ते थेट आपांसमोर आले. त्यांनाही मनातून वाईट वाटत होते. पण चाळीस वर्षे शिकवलेल्या माणसाला चूक एकदम मान्य करता येत नाही.

"आपा, टाइल्स पांढऱ्या आहेत. उद्घाटनाआधी घाण होतील, म्हणून म्हटलं."

"गुरुजी, घाण होण्यासाठीच बांधलंय ते. मग धुवायचं. तुमच्या शाळेत फळा होता ना? पाहुणे येईपर्यंत कोरा ठेवायचात?"

गुरुजींनी खिशातून चावी काढली आणि माझ्याकडे दिली. मी कुलूप काढले. आपा उठल्या नाहीत. त्यांनी हिराबाईंना खूण केली. "आधी तू. नीट बघून ये. काय चुकलंय ते सांग."

हिराबाई गेल्या. आम्ही तिघे बाहेर, एखाद्या परीक्षेच्या निकालाला थांबावे तसे. त्या आल्या, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "पानी हाय. कडी हाय. समदा चांगला हाय. पन खुंटी न्हाय. पिशवी खाली ठेवू का डोक्याव? कंबरेचं पैसं, पदर, समदा हातात धरून बसावा लागतं."

आपांनी पर्समधून वही काढून लिहिले, "खुंटी." मग त्या स्वतः आत गेल्या. बाहेर आल्यावर बाटली उघडली आणि अर्धी हिराबाईंना देऊन अर्धी आपण प्यायल्या. हिराबाईंना नाक्यावर बसून पाणी पिताना त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिले. त्या ते जरा लाजतच प्यायल्या.

जाताना आपांनी आम्हाला अट घातली. "महिनाभर चालू राहिलं तर तुमचं पुस्तक छापा. नाही राहिलं तर कागद वाचवा."

खुंटी दुसऱ्याच दिवशी लागली. गुरुजींनी घरून ड्रिल आणून स्वतः दोन ठोकल्या. एक मोठ्यांच्या हाताला आणि एक, त्यांच्या स्वतःच्या कल्पनेने, शाळकरी मुलींच्या हाताला येईल अशी. दुसऱ्या आठवड्यात टाकीचे पाणी चढेना, तेव्हा दोन दिवस बायकांनी कळशा भरून आणल्या आणि तिसऱ्या दिवशी गुरुजींनी पंपवाल्याला घरून उठवून आणले. धुण्याच्या पाळ्या भाजीवाल्या बायकांनी आपसांत लावून घेतल्या. मी महिनाभर एक दिवसाआड अंबाडीला जाऊन येत होतो. मला पाहिले की हिराबाई म्हणायच्या, "आला बगा इनिस्पेक्टर." टाइल्स आता पूर्वीइतक्या पांढऱ्या नाहीत.

महिना भरला तेव्हा मी आपांना फोन करून चालू असल्याचे सांगितले.

"कोणी सांगितलं चालू आहे म्हणून?"

"मीच बघून आलो."

"मग छापा," त्या म्हणाल्या. आमच्या बारा वर्षांच्या परिचयात त्यांनी मला दिलेली ही सर्वांत मोठी शाबासकी.

हा ग्रंथ समारंभाच्या आधी छापून होत आहे. गुरुजींची सूचना होती की लोक तो पुढे अनेक वर्षे वाचतील, तेव्हा शेवटी "सत्कार सोहळा उत्साहात संपन्न झाला" असे एक वाक्य आताच घालून ठेवावे. मी नम्रपणे नकार दिला आहे. प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळाली आहे, पण उद्घाटन करण्यासारखे आता काही उरलेले नाही. त्या दिवशी काय होईल ते होईल. मी बघून मग लिहीन.

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचे आयुष्य चिंतण्याची आपल्याकडे फार जुनी चाल आहे. पण आपांना आयुष्याची मोळी बांधून दिली तर त्या ती सोडून बघितल्याशिवाय घेणार नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणून समितीच्या, नाक्यावरच्या सगळ्या बायकांच्या आणि आम्हा स्नेह्यांच्या वतीने एवढीच विनंती: आपा, पुढची पंचवीस वर्षे आधी आपण वापरून पाहावीत. त्यांत गुडघे साथ देतील, भूक लागेल, आणि "चला, दाखवते" म्हणत उठण्याची आपली खोड जाणार नाही, अशी ती असावीत. कुठे काही कमी पडले तर वहीत लिहून आम्हाला सांगावे. गुरुजींचे ड्रिल तयार आहे. शंभर पुरी झाली आणि सगळे नीट चालते आहे अशी आपली खात्री पटली, की मी फीत घेऊन हजर होतो. अंबाडीच्या उद्घाटनासाठी आणलेली लाल फीत कापलीच गेली नाही. ती माझ्या टेबलाच्या खणात घडी घालून ठेवलेली आहे.